वळचणीची काठी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात यमाजी नावाचा एक पापडवाला राहत असे. त्याचे पापड चांगले होते. दुर्दैव एवढेच, की त्याला शेजाऱ्याच्या मिरच्या नेहमी त्याहून चांगल्या दिसत.

शेजाऱ्याचे नाव सदोबा. तो मिरच्या वाळवून, कांडून तिखट विकत असे. दोघांचाही धंदा उन्हावर चाले, आणि ऊन तेव्हा फुकट होते. सकाळी सदोबाच्या अंगणात मिरच्या पसरत, यमाजीच्या अंगणात त्याची बायको भागू पापड घाली, आणि सूर्य दोन्हीकडे सारखाच तापे. यमाजीला मात्र वाटे, की तो सदोबाकडे अंमळ जास्त वेळ थांबतो.

पुढे राजाला त्या गावची हवा मानवली. राजाला हवा मानवली की गावाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. आधी महाल झाला. महालामागून सरदार आले, सरदारांमागून सावकार आले. रस्त्यांना फरशी बसली, कोपऱ्याकोपऱ्यावर दिवे लागले. तळ्याला पायऱ्या झाल्या, आणि पायऱ्यांवर एक शिपाई उभा राहिला. तो पाणी नेणाऱ्यांकडून पाण्याचे पैसे घेई. पूर्वी भाजीबरोबर मूठभर कोथिंबीर अशीच मिळत असे. आता कोथिंबिरीकडे नुसते पाहिले तरी भाजीवाली, घेणार आहात का, असे विचारू लागली. गाव फार सुंदर झाले, असे बाहेरून आलेले लोक म्हणत. गावातले लोक काही म्हणत नसत, कारण ते भाव विचारण्यात गुंतलेले असत.

यमाजीच्या गल्लीतली घरे तोपर्यंत बुटकीच होती. एका वर्षी सदोबाने छपरावर नवी कौले घातली. ती लालबुंद कौले पाहून यमाजीला जेवण गोड लागेना. त्याच्या स्वतःच्या कौलांना काही झाले नव्हते. पण नव्या कौलांना नुसत्या कौलांनी उत्तर देता येत नाही, असे ठरवून त्याने घरावर माडी चढवली. माडीत ठेवायला त्याच्याकडे काही नव्हते. सदोबाची कौले तिथून खाली दिसत, एवढाच तिचा उपयोग.

समोरचा कापडवाला वामनशेट दुकानात बसून ती माडी रोज पाही. त्याने दोन माड्या चढवल्या आणि वर गच्ची काढली. मग गल्लीत कोणीच मागे राहिना. बघता बघता सूर्य फक्त भर दुपारी गल्लीत डोकावू लागला, आणि चुकून आल्यासारखा लगेच निघून जाऊ लागला. अंगणात पापड वाळेनात. त्यांना बुरशी धरू लागली. ज्यांच्या गच्च्या उंच होत्या त्यांनी वाळवणासाठी त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. यमाजी पैसे देऊन वामनशेटच्या गच्चीवर पापड घाली, आणि खाली उतरून महागाईला शिव्या देई.

हे सगळे कोणाच्या माडीपासून सुरू झाले, हे गल्लीत सर्वांना माहीत होते. यमाजीलाही माहीत होते. फक्त ते त्याच्या लक्षात राहत नसे.

माडी चढवली नाही ती एकट्या सदोबाने. त्याने काही दिवस दमट मिरच्या अंगणात इकडून तिकडे हलवून पाहिल्या. मग घर एका सावकाराला विकून तो डोंगरापलीकडच्या माळावर, खळवाडी नावाच्या लहानशा गावात राहायला गेला. यमाजीला आनंद झाला. तो फार टिकला नाही. खळवाडीहून तिखट आणणारे लोक सांगू लागले, की सदोबाला प्रशस्त अंगण आहे, दिवसभर ऊन आहे, विहिरीवर शिपाई नाही, आणि त्याच्या मिरच्या अशा वाळतात की हातात घेतल्या की खुळखुळ वाजतात.

आपले गाव राहण्यालायक उरले नाही, हा शोध यमाजीला त्याच दिवशी लागला.

मग तो येईल त्याला ऐकवू लागला. फरशीवर पाय घसरतो, दिव्यांनी झोप येत नाही, कोणी कोणाला ओळखत नाही. भागू हे सगळे ऐकून घेई. तिलाही जायचे होते, पण तिचे कारण साधे होते. बुरशी धरलेले पापड टाकून देताना तिचा जीव तुटे, आणि असेच चालले तर धंदा बसणार हे तिला दिसत होते. तिला ऊन हवे होते. तरी एकदा तिने नवऱ्याला विचारलेच.

“अहो, तुम्हाला गाव सोडायचंय, की सदोबाभावजींना गाठायचंय?”

“दोन्ही एकाच वाटेवर आहे,” यमाजी म्हणाला.

खळवाडीला सदोबाने दोघांना गूळपाणी दिले. जुना शेजार पुन्हा मिळणार म्हणून तो मनापासून हरखला. हे यमाजीला जरा संशयास्पद वाटले. सदोबाच्या घराच्या पश्चिमेला मोकळी जागा होती. ती मागायला दोघे गावच्या पाटलाकडे, रंभाजीकडे गेले.

खळवाडीत जागेचे पैसे घेत नसत. पण एक रीत होती. ते गाव धान्य उफणायला वारा आणि वाळवायला ऊन एवढ्यावर जगत असे. म्हणून नवा माणूस आला की शेजाऱ्याने आपल्या वळचणीखाली, म्हणजे छपराच्या खालच्या कडेखाली, एक बांबू उभा करायचा आणि कडेला टेकेल तिथे कापायचा. नव्या घराची वळचण त्या काठीच्या वर जायची नाही. घरभरणीच्या दिवशी ती काठी नव्या वळचणीखाली उभी करून सगळ्यांना दाखवायची, आणि मग जेवायला बसायचे.

सदोबाने काठी कापून दिली. पाटलाने ती यमाजीच्या हातात ठेवली.

“ही तुझ्याजवळच राहील,” पाटील म्हणाला. “आम्ही मधे मोजायला येत नाही. पुढे कधी तुला कुणाची तक्रार करायची झाली, तर आधी ही काठी आणायची आणि जिच्याखाली कापली त्या सदोबाच्या वळचणीला लावून दाखवायची. मग दुसऱ्याचं बघू.”

यमाजीने मान डोलावली. माणूस फुकटच्या जागेवर उभा असला की त्याला कोणतीही रीत पटते.

भिंती उभ्या राहू लागल्या. एका दुपारी यमाजी पायाच्या चरात उतरला असता त्याची नजर सदोबाच्या छपराकडे गेली. खड्ड्यात उभे राहून पाहिले की कोणाचेही छप्पर उंचच दिसते. पण यमाजीच्या मनात आले, की सदोबाने काठी कापताना नक्कीच हात आखडता घेतला. काठी नेऊन सदोबाच्या वळचणीला लावली असती तर शंका तिथल्या तिथे फिटली असती. पण ती फिटावी अशी त्याची इच्छा नव्हती. त्याने दुसरा बांबू घेतला आणि एक हात जास्त ठेवून कापला. जुनी काठी लाकडांच्या ढिगात टाकून दिली.

ती भागूने पाहिली. काठी का टाकली, असे तिने विचारले तेव्हा ती तडकली आहे असे तो म्हणाला. भागूने काठी फिरवून फिरवून पाहिली. तडा कुठेच नव्हता. अंगणात धुणे वाळत घालायला तिने ती आडवी टांगली.

घरभरणीला सगळा गाव आला. काठी वळचणीखाली उभी केली, ती नेमकी बसली. लोकांनी माना डोलावल्या आणि पुरणपोळ्यांकडे वळले. वाढायला सदोबाच सर्वांत पुढे होता.

त्या दिवसापासून दुपार कलली की यमाजीच्या घराची सावली सदोबाच्या अंगणात काठीच्या मापाच्या घराची पडली नसती इतकी आत जाऊ लागली. कडेच्या मिरच्या मऊ पडल्या. सदोबाने एकदा यमाजीच्या छपराकडे पाहिले आणि मिरच्या जरा पूर्वेला सरकवल्या. यमाजीने हे माजघराच्या खिडकीतून पाहिले. खळवाडीचे ऊन फार गुणाचे आहे, असे त्या दिवशी तो भागूला दोनदा म्हणाला.

यानंतर तो सुखी व्हायला हरकत नव्हती. पण आपले सुख कोणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला चैन पडेना. पापड विकायला तो जुन्या गावी गेला की मुद्दाम वामनशेटच्या दुकानात शिरे, एक पापड काढून बोटांनी वाजवून दाखवी, आणि हे भाड्याच्या गच्चीवरचे ऊन नव्हे, असे सांगे. वामनशेट ऐकून घेई. त्याच्या दुकानाचा कर राजाने नुकताच वाढवला होता, आणि पापडाचा आवाज त्याच्या कानातून जाईना.

पुढच्या हंगामात वामनशेट खळवाडीत आला. यमाजीच्या पश्चिमेची जागा त्याला मिळाली. रीतीप्रमाणे यमाजीने आपल्या वळचणीखाली बांबू उभा करून त्याला काठी कापून दिली. घर बांधून झाले. घरभरणीला काठी उभी केली, तीही नेमकी बसली. फक्त ती वामनशेटच्या हातात असताना चांगली वाढली होती.

आता दुपार जेमतेम उलटली की यमाजीच्या अंगणात सावली येऊ लागली. पापडांच्या कडा वाकेनात, मधला भाग दमट राही. थोड्याच दिवसांत भागूला ओळखीची हिरवी बुरशी दिसली. यमाजी संतापून अंगणात फेऱ्या मारू लागला. कुंपणापलीकडून सदोबाने ते पाहिले.

“पापड जरा पूर्वेला सरकवत जा,” तो म्हणाला. “मी तसंच करतो.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते यमाजीला फार लागले.

तो तडक पाटलाकडे गेला. वामनशेट कसा माणूस आहे, त्याने आधीचे गाव कसे बिघडवले, आता हेही कसे बिघडवणार, हे त्याने सविस्तर सांगितले. पाटलाने शांतपणे ऐकून घेतले आणि पागोटे डोक्याला बांधले.

“चल,” पाटील म्हणाला. “तुझी काठी घे. आधी सदोबाकडे जाऊ, मग वामनशेटकडे.”

काठी घेऊन येतो, असे सांगून यमाजी घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला.

भागूला काही सांगावे लागले नाही. तिने अंगणातले धुणे काढून ठेवले, जुनी काठी सोडवली आणि आपल्याच वळचणीखाली उभी केली. काठीचे टोक आणि छप्पर यांच्यामध्ये एक हात मोकळी जागा राहिली.

“एवढं उतरवू या,” ती म्हणाली. “गवंड्याला दोन दिवसांचं काम आहे. मग वामनशेटनाही उतरवावंच लागेल. आपलं ऊन परत येईल.”

यमाजीने काठीच्या टोकाकडे पाहिले. मग त्याची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे सदोबा अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात वाकून मिरच्या परतत होता. छप्पर एक हात उतरले, की त्या सबंध अंगणात ऊन पसरेल, मिरच्या पुन्हा खुळखुळ वाजतील, लोक पुन्हा नाव घेतील. यमाजीला ते सगळे आत्ताच ऐकू आले.

“आपलं येईल,” तो म्हणाला. “पण मग त्याचंही येईल.”

भागू त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षे ज्याच्याबरोबर संसार केला त्याचे तोंड तिला पहिल्यांदाच उजेडात दिसले असावे.

दुसऱ्या दिवशी यमाजीने जाहीर केले, की खळवाडीही बिघडली. इथे आता राहण्यात अर्थ नाही. त्याने गाडी जुंपली, लांब काठी गाडीत टाकली आणि बायकोला सामान आवरायला सांगितले.

“तुम्ही जाऊन या,” भागू म्हणाली. “ही जुनी काठी माझ्याकडे राहू द्या. मला इथे पापड घालायचेत.”

गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा ती पाटलाच्या दारात उभी होती. तिने जुनी काठी पुढे ठेवली आणि काहीही न लपवता सगळे सांगितले. काठी सदोबाच्या वळचणीला लावली, ती अगदी नेमकी टेकली. मग आपल्या घराचे छप्पर तिने उतरवून घेतले. त्यानंतर वामनशेटला आपल्या छपराचा हिशेब द्यावाच लागला. गवंड्याच्या मजुरीबद्दल कुरकुर करत त्यानेही ते खाली आणले. दुपार कलली तरी दोन्ही अंगणांत ऊन राहिले. सदोबाने मिरच्या होत्या तिथे परत सरकवल्या. भागूचे पापड एकावर एक ठेवले की टणटण वाजू लागले.

काही दिवसांनी नवे गाव शोधत फिरणारी यमाजीची गाडी डोंगराच्या खिंडीतून चालली होती. तिथून त्याने मागे वळून पाहिले. माळावर खळवाडीची सगळी छपरे एका रेषेत दिसत होती. त्यांतले आपले घर कोणते ते त्याला ओळखू येईना. सदोबाचे अंगण मात्र चटकन ओळखू आले. ते लाल होते.

अजूनही तो स्वस्त, निवांत आणि भरपूर उन्हाचे गाव शोधत फिरतो, असे म्हणतात. गावे त्याला पुष्कळ आवडतात. पण कुठेही उतरला की तो आधी गाडीतली काठी काढतो आणि शेजाऱ्याचे छप्पर किती उंच आहे ते बघतो.

तात्पर्य: ज्याला आपल्या अंगणातल्या उन्हापेक्षा शेजाऱ्याच्या अंगणातली सावली अधिक प्रिय असते, त्याने कितीही गावे बदलली तरी त्याला गाव लाभत नाही, कारण गाव ज्याने बिघडते ते माप तो बरोबर घेऊनच फिरत असतो.