येसूआत्याचा दगड

बसा जवळ. लहानांनी ऐकावं आणि ज्यांनी पूर्वी ऐकलंय त्यांनी मान डोलवावी. फार वर्षांपूर्वी, निंबदरीत नळ नव्हता तेव्हा, तिथं येसूआत्या नावाची सुईण होती. उन्हाळा आला की गावातली पोरं जुलाबानं दगावत. बायकांना शहाणपण सांगायला देवळात बोलावलं तर एक येईल तर शपथ! मग आत्या आडावरच्या धुण्याच्या दगडावर बसली आणि घागरींच्या रांगेतच तिनं शाळा मांडली. पाणी उकळा, झाकणाच्या भांड्यात ठेवा. तिचं बोलणं ऐकायला आडातलं पाणी हातभर वर येई, असं म्हणतात. पोरं जगू लागली.

पुढं घरोघरी नळ आले आणि आड ओस पडला. आत्या मात्र हेका सोडीना. "गरज असंल तो यील," म्हणाली आणि रिकाम्या आडावर एकटीच बसून राहिली.

त्याच साली कपाशीवर फवारायचं औषध गावात आलं. त्याचे डबे चकचकीत, झाकणं घट्ट. बायकांनी रिकामे डबे राखेनं घासले आणि प्यायचं पाणी भरून ठेवलं. एके सकाळी सगुणा आपल्या मंजुळेला कवटाळून धावत आली. लेकरू तोंडानं फेस गाळत होतं.

"आत्या, तुमचंच ऐकलं वं! झाकणाच्या डब्यातच ठिवलं व्हतं पाणी!"

आत्यानं पोर आणि डबा दोन्ही गाडीत घातली. तालुक्यापर्यंत बैलांचे खूर जमिनीला लागले नाहीत, असं म्हणतात. मंजुळा वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डब्यावरची कवटीची खूण दाखवली, ती आत्यानं डोळ्यांत साठवून घेतली.

परत आल्यावर ती घरी गेलीच नाही. चार गड्यांना न हलणारा तो धुण्याचा दगड तिनं डोक्यावरच्या चुंबळीवर घेतला आणि थेट पिठाच्या गिरणीपुढं आणून टाकला, कारण बायका आता तिथं खोळंबत होत्या. "म्या आडावर बसून ऱ्हायले, ही माजी चूक," ती म्हणाली. "आता रांग जिथं, शाळा तिथं." गिरणीच्या इंजिनानंही तेव्हा आवाज खाली घेतला, असं म्हणतात. दिवस मावळायच्या आत गावातल्या एकूण एक रिकाम्या डब्याला भोक पडलं होतं.

अजूनही निंबदरीत औषधाचा डबा रिकामा झाला की आधी त्याला खिळा ठोकतात, मगच टाकतात. आणि दुसऱ्या गावांत थोरांच्या आठवणीचा दगड रोवतात, पण आत्याचा दगड रोवायचा नाही हा इथला दंडक आहे. गिरणीवरून तो रेशनच्या दुकानापुढं गेला. आता तो टेकाडावर आहे, कारण मोबाइलला रेंज तिथंच येते आणि सारा गाव तिथंच ताटकळतो. नातवंडं झालेली मंजुळाआजी त्यावर बसून दरडावते, "फोनवर कुणी बँकेतनं बोलतोय म्हणला तरी नंबर सांगायचा न्हाई, कळलं का?"

उद्या गावात टॉवर उभा राहणार आहे. मग रेंजसाठी टेकाडावर कुणी फिरकायचं नाही. बायकांनी चुंबळ वळून ठेवलीय आणि रांग कुठं लागते ते बघतायत.