जोमाची हाक

खाडी आजच्यापेक्षा दोन शेतं आत होती, तेव्हाची ही गोष्ट. सन विचारू नका. माझ्या आजाच्या आजानं ती ऐकली, तेव्हाही ती जुनीच होती.

चिंचखार गाव खाडीच्या काठावर. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये मातीचा बांध. बांध टिकला तर गाव जेवतं. खेकडे बांधाला भोकं पाडतात. बीळ बोटाएवढं असतं. ते ओल्या चिखलाच्या गोळ्यानं बुजवलं नाही तर उधाणाला तिथंच खांड पडते आणि समुद्र शेतात येतो. म्हणून रोज सकाळी बांध फिरायचा. दोघांनी फिरायचा, एकानं खाऱ्या बाजूनं, एकानं गोड्या बाजूनं. बांध माणसाहून उंच, पलीकडचं दिसत नाही. म्हणून वीस पावलांवर हाक द्यायची, "हाय का?" पलीकडून उत्तर यायचं, "हाय!"

या बांधाचा राखणदार जोमा. तसा माणूस पुन्हा झाला नाही. अनवाणी चालताना त्याच्या तळव्याला बिळातला वारा लागायचा, असं म्हणतात. खाऱ्या बाजूनं त्याची बायको चालायची. ती तापानं गेली. गावानं दुसरा जोडीदार देऊ केला. जोमा म्हणाला, "मला कुणी नको." तो एकटा फिरू लागला, तोही गोड्या बाजूनंच. जिथं ती चालायची तिथं त्याचा पाय उतरेना. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

श्रावणाच्या उधाणाला खांड पडली. पदीबायचा एकुलता मुलगा नामा शेतातले बैल सोडायला धावला. बैल परत आले. नामा आला नाही.

पदीबाय घराच्या कोपऱ्यात बसली ती उठेना. केस विंचरेना, भात गिळेना. भगत आले, लिंबं उतरवली, कोंबडे कापले. शेजारणी समजावून थकल्या. तिला उजेडात नेलं तरी तिची सावली पडत नसे, असं म्हणतात. गाव समजून चुकलं, ही आता फार दिवस नाही.

मग एका सकाळी जोमा तिच्या दारात उभा राहिला.

"पदीबाय, हाय का?"

उत्तर नाही. त्यानं उंबऱ्यावर ओल्या चिखलाचा गोळा ठेवला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. लोक हसले. "काय रं जोमा, चिखलानं भूत उतरतंय व्हय? आमचे कोंबडे उगाच गेले!" जोमा येतच राहिला. एकवीस गोळे वाळले. बाविसाव्या दिवशी पदीबाय उठून दारात आली, ती रागानं.

"कशाला येतोस रं रोज? तुझ्या बांधानं माझा नामा खाल्ला."

"खाल्ला. मी खारी बाजू सोडली म्हणून."

"मग माझ्या तोंडाकडं बघवतं कसं तुला?"

"बघवत नाय. पण एक बीळ हाय. एकट्यानं दोन बाजू होत नाय. चल."

"मला जगायचंच नाय. बांध राखू कुणासाठी?"

"जगायचं मग बघू. आज एक बीळ बुजव."

तिनं गोळा उचलला. त्याच्या अंगावर फेकायलाच उचलला होता, असं म्हणतात. पण चिखल हाताला लागला आणि बोटं आपसूक तो मळू लागली. जोमा खाऱ्या बाजूला उतरला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. पदीबाय गोड्या बाजूनं चालली. पहिल्या हाकेला तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जोमा जागचा हलला नाही. तिसऱ्या हाकेला ती म्हणाली, "हाय."

त्या दिवशी एकच बीळ. मग अंघोळ, मग उन्हात बसून अर्धी भाकरी. दुसऱ्या दिवशी दोन बिळं. जोमानं तिला शहाणपण शिकवलं नाही. ती नामाबद्दल बोलली की ऐकायचा. पाऊस सरेपर्यंत तिची सावली परत आली. आधी पायाशी नखाएवढी, मग पुरी. पुढं गावात ज्याचं मन बुडे, तो सकाळी बांधावर येऊ लागला.

सात वर्षांनी जे उधाण आलं, तसं पुन्हा कुणी पाहिलं नाही. दोघं बांधावर असताना पाणी चढलं. बांधाच्या माथ्यावर दोन हात उंच भिंतीसारखं उभं राहिलं. जोमा खाऱ्या बाजूला होता. गाव डोंगराकडं पळालं. पदीबाय पळाली नाही. तिनं हाक दिली, "हाय का?"

पाण्याच्या पोटातून उत्तर आलं, "हाय!"

ती वीस पावलं चालली. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. पळणारे थांबले, फिरले, एकेक करून तिच्या मागं चालू लागले. बांधाचं टोक आलं आणि समुद्र खाली बसला. मूठभर मातीसुद्धा हलली नव्हती. जोमाचं अंग सापडलं नाही. खाऱ्या बाजूच्या चिखलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची पावलं तेवढी होती.

आता बांधाला दगड लावलेत. तरी चिंचखारात चूल पेटायच्या आधी प्रत्येक जण शेजारच्या दारात जातो आणि विचारतो, "हाय का?" उत्तर आलं की पुढच्या कामाला. नाही आलं, तर उपदेश करायचा नाही. उंबऱ्यावर ओल्या चिखलाचा गोळा ठेवायचा आणि उद्या त्याच वेळेला परत यायचं.

माझी बायको गेली तेव्हा माझ्याही उंबऱ्यावर नऊ गोळे वाळले. दहावा मी उचलला.