तिसरा टर्बो

"आणि तू काय सांगितलंस त्यांना?"

बाबालाल उस्तादांनी हा प्रश्न गाडीकडं न बघता विचारला, आणि तेच इंद्रजितला खटकलं. उस्ताद गाडी सोडून माणसाबद्दल विचारायला लागले की आपलं काही खरं नाही, हे नऊ वर्षं त्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये शिकत काढल्यामुळं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"खरं तेच सांगितलं. गाडी थांबल्याबरोबर चावी काढता, म्हणून टर्बो जातो. घाट चढून आलेला टर्बो लालबुंद असतो. इंजिन बंद केलं की त्याचं तेल बंद. आतलं तेल करपतं, शाफ्ट कोरडा पडतो..."

"हे पुस्तकातलं झालं."

"मग पुस्तकातलं खोटं असतं का, उस्ताद?"

"न्हाई. खरंच असतंय... पर ह्या गाडीतलं हाय का?"

इंद्रजित पुन्हा बॉनेटखाली डोकावला.

आता इंद्रजित काही नवशिका नव्हता. साताऱ्यात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, काचेच्या दाराचं. आत गाडीचा दोष पडद्यावर दाखवणारा स्कॅनर होता, भिंतीवर सर्टिफिकिटं होती. इंद्रजितनं आवळलेल्या बोल्टातून तेलाचा थेंब गळत नाही, अशी तीन तालुक्यांत ख्याती होती. त्यातली निम्मी ख्याती त्यानं स्वतःच पसरवली होती, पण कामाला माणूस पक्का, त्यात वाद नाही.

गाडी होती शेलार गुरुजींची. बावीस वर्षांची डिझेल गाडी. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरागरा फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा, शंखाच्या आकाराचा भाग. तो असेल तरच असली गाडी घाट चढते. गुरुजींच्या गाडीचा मूळचा टर्बो एकवीस वर्षं चालला. तो म्हातारा होऊन गेला, ते समजण्यासारखं होतं. पण इंद्रजितनं बसवलेला दुसरा चारच महिन्यांत गेला. तिसरा बसवून अडीच महिने झाले होते, आणि आज त्यानंही शिट्टी मारायला सुरुवात केली होती. गाडी ओढत नव्हती, मागून काळा धूर येत होता.

स्कॅनर लावावा म्हटलं तर गाडी इतकी जुनी, की स्कॅनर लावायला तिला तोंडच नाही.

गुरुजींचं गाव केळघर घाटाच्या वर. बायको अनसूयाकाकू यांचं आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस. एसटीत उभं राहण्याचं त्राण काकूंत उरलं नव्हतं. गाडी घाट चढली तर काकू घरी, आणि तीन दिवसांनी पुन्हा दवाखान्यात. नाही चढली तर... हा विचार गुरुजी पुरा करत नसत.

आज दवाखान्यातून निघाल्यावर गाडी मेढ्याच्या अलीकडंच धापा टाकायला लागली. गुरुजींनी फोन केला. इंद्रजित धावत आला, बॉनेट उघडलं, सगळे पाइप चाचपले, आणि त्याला काही म्हणता काही सापडेना. तेव्हा मान खाली घालून तो गाडी, गुरुजी आणि काकू यांना घेऊन उस्तादांच्या शेडवर आला. मान खाली होती खरी, पण मनातल्या मनात अजून वरच होती.

उस्ताद उठले. गाडीकडं नव्हे, गुरुजी आणि काकू बसले होते त्या बाकाकडं गेले.

"गुरुजी, गाडी बंद कशी करता?"

गुरुजी शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखे ताठ झाले.

"दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. घड्याळ लावून. इंद्रजितरावांनी सांगितल्यापासून एकदाही चुकवलेलं नाही."

"दहा? एक-दोन मिनिटं पुष्कळ होतात."

"चूक नको म्हणून दहा."

"आणि काकू तवर?"

"ती गाडीतच असते."

काकूंनी शाल सारखी केली. हाताला पट्टी होती, आवाज दमलेला होता.

"अगोदर मीच घाई करायचे हो. ते मशीन झालं ना, की फार मळमळतं. दारात गाडी थांबली रे थांबली, की मी म्हणायचे, अहो, आधी मला उतरवा. हे चावी काढून धावत यायचे. दोन टर्बो माझ्यापायी गेले बघा. आता बसते मुकाट्यानं. इंजिन हादरतं, पण पदर लावते तोंडाला... होतात दहा मिनिटं."

इंद्रजितनं काकूंच्या हाताची पट्टी बघितली. खापर फोडायला आपण गुरुजींचं डोकं शोधलं होतं, आणि ते जाऊन फुटलं कुठं!

तरी तो म्हणाला, "बघा ना उस्ताद, आता तर पथ्य पाळतात. मग हा टर्बोच खराब आला असणार. कंपनीचाच दोष."

"नाचता येईना..." उस्ताद एवढंच पुटपुटले. अंगण कसं असतं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप सोडला आणि दोन बोटांनी आतला शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, धरला. आजूबाजूला हलवला. मग मागं-पुढं ओढून पाहिला.

"आजूबाजूला जरा हलतोय. तेवढं चालतंय. मागं-पुढं न्हाई हलत. अजून जीव हाय त्याच्यात."

गुरुजींनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला, तो शेडभर ऐकू आला.

"तेल बघितलंस का?" उस्तादांनी विचारलं.

"काठीवर बरोबर आहे. मीच बदललंय."

"इंजिनातलं न्हाई. टर्बोत पोचतंय का, ते बघितलंस का?"

"...बाहेर एक थेंब नाही, उस्ताद. सगळं सुकं ठणठणीत आहे."

उस्ताद हसले नाहीत.

तेलाची नळी टर्बोला एका पोकळ बोल्टानं जोडलेली असते. बोल्टाच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, आणि सगळा टर्बो त्या भोकावर जगतो. उस्तादांनी तो बोल्ट नळीसकट टर्बोपासून सोडवला आणि त्याचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं. डिझेल पंपाची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेट घेणार नाही.

"मार स्टार्टर."

इंद्रजितनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं. बाटलीत तेलाची धार लागायला हवी होती.

एक थेंब पडला.

"परत मार."

दुसरा पडला... मग बऱ्याच वेळानं तिसरा.

उस्तादांनी बाटली इंद्रजितच्या डोळ्यांसमोर धरली.

"तुझ्या हातचा थेंब गळत न्हाई म्हणतात. बघ... खरंच न्हाई गळत."

मग त्यांनी दाभण घेतलं, बोल्टाच्या भोकात घातलं आणि हळूच फिरवलं. आतून नखाएवढा, काळा, रबरासारखा तुकडा बाहेर आला. त्यामागून आणखी एक.

इंद्रजितनं तो ओळखला. आपली सही आपण ओळखावी तसा ओळखला. ते सिलिकॉन होतं, गळती बंद करायला लावतात तो चिकट लेप. त्या बोल्टाला दोन तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, पुरतात, बाकी काही लागत नाही. पण वायसरवर भरवसा ठेवणारा इंद्रजित कसला! वरून दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापल्याशिवाय त्याला झोप येत नसे. आवळताना जास्तीचं सिलिकॉन बाहेर आलं, ते त्यानं कापडानं पुसलं, शोभेसाठी. तितकंच आतही गेलं होतं, ते पुसायला कुणी नव्हतं. दुसरा टर्बोही त्यानं असाच बसवला होता. त्या गाडीत दोन वेळा त्यानं तेलाचं दार स्वतःच्या हातानं लिंपलं होतं, आणि दोष दिला होता एका आजारी बाईच्या घाईला.

उस्तादांनी ते तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले.

"साफ करून लगेच बसवतो," इंद्रजित घाईनं म्हणाला. "वाचला ना टर्बो, उस्ताद. आता हे... त्यांना कशाला? गाडी चालल्याशी कारण. उगाच मनस्ताप."

"कुणाला?"

इंद्रजितनं बोल्ट पुसायला घेतला.

"वायसर द्या," तो शेवटी म्हणाला.

उस्तादांनी खिशातून दोन नवे तांब्याचे वायसर काढले, त्याला दाखवले आणि मूठ मिटली.

गाडी ते बाक हे अंतर बारा पावलांचं. इंद्रजितला ते घाटाएवढं वाटलं. तळहात पुढं करून तो काकूंसमोर उभा राहिला.

"काकू, हे... हे मी लावलं होतं. ह्यानं तेल अडलं. चावी कधी काढली ह्याचा काही संबंध नव्हता. दुसरा टर्बो माझ्यामुळं गेला. हाही गेला असता."

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

काकू त्या काळ्या तुकड्यांकडं बघत होत्या.

"म्हणजे माझ्यामुळं नव्हतं?"

"नव्हतं, काकू."

"मी उतरायची घाई करायचे, त्यानं नव्हतं?"

"नाही... पहिला तर वयानंच गेला होता."

"अहो, ऐकलंत का?" त्या गुरुजींकडं वळल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि तोंडावर मात्र हसू. "माझ्यामुळं नव्हतं म्हणे! माझ्या दुखण्यापायी तुम्हाला आणखी कुठल्या कुठल्या खड्ड्यात घालणार, असं वाटायचं मला." मग इंद्रजितला म्हणाल्या, "बरं झालं बाळा, सांगितलंस."

एवढंच. एक वाकडा शब्द नाही. इंद्रजितला वाटलं, ह्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर सोसलं असतं.

तो परत आला तेव्हा उस्तादांची मूठ उघडी होती.

त्यानं बोल्ट डिझेलनं धुतला, नळीत हवा मारली, नवे वायसर घातले. सिलिकॉनची ट्यूब त्याच्याच पेटीत होती. त्यानं पेटी पायानं लांब सारली. बोल्ट हातानं लावला, पान्यानं बेताचा आवळला. पंपाची वायर जोडली. उस्तादांनी चावी फिरवली आणि इंजिन हळू आवाजात चालू झालं.

इंद्रजित बॉनेटखाली वाकला होता. डोळ्यांतलं पाणी लपवायला ती जागा बरी होती.

"उस्ताद, आता दर फेरीला मीच त्यांना घेऊन येईन," तो भडाभडा बोलायला लागला. "घरापासून दवाखान्यापर्यंत, आणि परत. आत्ताच सांगतो त्यांना. गाडीचं सगळं काम मी बघेन. आयुष्यभर बघेन. आणखी काय करू, सांगा उस्ताद! काय केलं म्हणजे हे फिटेल?"

बोलता बोलता त्याचा हात पंपाच्या, इंजिनाची रेस वाढवणाऱ्या लिव्हरवर गेला होता. इंजिनाचा आवाज चढायला लागला.

उस्ताद जवळ आले. त्यांनी तो हात धरला, लिव्हरवरून अलगद उचलला आणि तसाच आपल्या हातात ठेवला.

"रेस देऊ नको, इंद्रा... आधी तेल पोचू दे."