आघाड्याच्या मुळीची गाठ

भाविकहो, त्या दिवसांत आत्मगिरी महाराजांचा मुक्काम वेळूकाठी या लहानशा गावात, नदीपलीकडच्या मठीत होता. गावातली भागू सुईण त्यांची भोळी भक्त. बाळंतपणाला निघाली की आधी महाराजांचं नाव घ्यायची, मग हात जोडून आघाड्याचं रोप उपटायची. अडलेल्या बाईच्या कमरेला त्याची मुळी बांधली की सुटका लवकर होते, असा तिकडचा जुना रिवाज. मात्र मूल बाहेर आलं की मुळी लगेच सोडायची. राहिली तर रक्त थांबत नाही, बाईच्या जिवावर बेततं, असं सगळ्या सुइणी मानत.

पाटलीण बायजाबाईंना हे सारं थोतांड वाटे. "तुझा तो बुवा आणि तुझी ती काडी," म्हणून चारचौघींत त्या भागूला हिणवायच्या. काय तो तोरा! पण त्यांचीच सून अडली, तेव्हा नाक मुठीत धरून भागूलाच बोलवावं लागलं.

भागूनं मुळी बांधली. भर दुपारी बाळ रडलं. मुलगा झाला होता. भागू नाळ कापून त्याला पुसत होती, तोच बायजाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला. "झालं तुझं काम, आता बाहेर हो," म्हणत तिला अंगणात काढलं आणि आतून कडी घातली.

पायरी उतरताना भागूला आठवलं. मुळी सोडायची राहिली होती.

ती उलटपावली दाराशी आली. "बाईसाहेब, कडी काढा. चूक माझीच झाली, पण पोरीच्या कमरेची गाठ सोडा."

"मूल झालं, आता कसली मुळी? लुगड्यासाठी दारात बसू नकोस, बारशाला ये."

थोड्याच वेळात सून पांढरीफटक पडली. रक्त थांबेना. घरात दुसरं कोणी नव्हतं. पण आता मुळीची गाठ सोडायची किंवा कडी काढायची म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं, आणि तेवढ्यासाठी बायजाबाईंचा हात पुढे होईना.

बाहेर भागूनं दाराला कपाळ टेकलं. "महाराज, माझ्या हातनं राहिलं. तुमच्या हातनं सुटू द्या."

मठीत महाराज नुकतेच पानावर बसले होते. हातातला घास ठेवून ते एकदम उठले आणि आपल्याच कमरेच्या करगोट्याची गाठ सोडू लागले. गाठ सुटेना. कपाळावर घाम आला. शिष्य घाबरून पुढे झाला.

"हात लावू नका," महाराज म्हणाले. "पोर जाईल."

एक नख उलटलं, बोटातून रक्त आलं, तेव्हा गाठ सुटली. महाराज भिंतीला टेकून खाली बसले.

इकडे सुनेच्या पांघरुणाखालून मुळी घरंगळून जमिनीवर पडली. कोणी हात लावला नव्हता, दोरा तुटला नव्हता, गाठ तेवढी सुटली होती! रक्त थांबलं. सुनेनं डोळे उघडून पाणी मागितलं.

भागूनं महाराजांचा केलेला धावा बायजाबाईंनी आतून ऐकला होता. त्यांनी मागच्या दारानं शेजारणीला हाक मारून तिला सुनेजवळ बसवलं आणि त्या तशाच अनवाणी मठीत गेल्या. शिष्य महाराजांच्या बोटाला चिंधी बांधत होता. ते पाहून त्यांना रडू कोसळलं. त्या पायांवर वाकल्या, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"बाई, भागू अजून तुमच्या दारात बसली आहे," महाराज म्हणाले. "पोर वाचली, हे तिला कोणी सांगितलंच नाही."

बायजाबाई धावत परतल्या. मागच्या दारानं आत शिरून पुढच्या दाराची कडी काढली आणि उंबऱ्यावरच भागूच्या पायांवर डोकं ठेवलं.