ठकू कासारणीची काच

मोबाइल उंच धरून दात काढता ना सगळे, तो जरा खाली ठेवा आणि ऐका. आपल्या आंबेवणात फोटोला भुताटकी समजत, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात ठकू कासारीण होती. खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि तोंड असं फटकळ की कुत्रंसुद्धा वाट सोडी! एकदा एक फिरता फोटोग्राफर तापानं फणफणून गावात पडला. कुणी जवळ जाईना. ठकूनं त्याला पेज पाजून उभं केलं. जाताना त्यानं आपला लाकडी कॅमेरा, बाटल्या आणि सगळी विद्या तिच्या हवाली केली, असं म्हणतात.

विद्या सोपी नव्हती हो. फोटो काचेवर निघायचा. काच राखेनं लख्ख घासायची. तिच्यावर मधासारखा दाट, चिकट रस मधोमध ओतायचा आणि काच हळूहळू कलती करत तो चारी कोपऱ्यांपर्यंत न्यायचा. मग अंधारात ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढायचा. वाळली की वाया गेली. ठकूचा हात असा बसला की एक थेंब सांडत नसे. तिच्या फोटोतली माणसं म्हणे डोळे मिचकावत! मी काही पाहिलेलं नाही, पण असं म्हणतात.

तर एका साली खंडेराव इनामदारांचा धाकटा भाऊ वारला. त्याची बायको साळू, कोवळी पोर. तिच्या बांगड्या फोडल्या, जोडवी उतरवली, आरसा काढून घेतला आणि तिला मागच्या खोलीत बसवलं. विधवेच्या दारी कासारीण जात नसे. ठकू गेली. परसदारी उभी राहिली तर आतून साळू म्हणाली, "मावशी, वर्ष झालं. माझं तोंड कसं आहे, तेच मला आठवेना."

ठकूचं डोकंच फिरलं. हिचा फोटो काढायचाच! पण बाटलीतलं चांदीचं पाणी कधीच संपलं होतं. तिनं विचारलं, "जोडवी कुठायत तुझी?" ती साळूनं पदराच्या गाठीत लपवून ठेवली होती. ठकूनं सोनाराच्या तेजाबात ती विरघळवली आणि त्याच चांदीचं पाणी केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं साळूला परसात उन्हात बसवलं. पदर मागे, तोंड उघडं. गोठ्याच्या अंधारात काच भिजवून आणली, कॅमेऱ्यात घातली, झाकण काढलं, आणि तेवढ्यात खंडेराव आले. "बंद कर ही थेरं!"

ठकूनं मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "ओरडा हवं तेवढं, पण उजेड अडवू नका. काच ओली आहे माझी. आणि साळू, तू हलू नकोस गं बाई."

साळू हलली नाही. दीर समोर थयथयाट करत होता आणि ती पोर सरळ कॅमेऱ्यात बघत होती. काय छाती असेल बघा!

ठकूनं काच धुतली आणि मागे काळी घोंगडी धरली. काळ्यावर चेहरा उमटला. साळू कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही मी?"

"तूच की गं."

खंडेरावांनी काच हिसकावली आणि दगडावर आपटली. पण असं म्हणतात, की प्रत्येक तुकड्यात साळूचा अख्खा चेहरा होता. अर्धा नाही, अख्खा! त्यांनी वहाणेखाली तुकडे तुडवले, तर आणखी तुकडे, आणखी साळू! ओरडा ऐकून जमलेल्या बायका आत शिरल्या आणि एकेकीनं एकेक तुकडा उचलला. "टाका ती काच!" खंडेराव गरजले. बोटं कापली, रक्त आलं, पण एकीनंही मूठ उघडली नाही.

त्या दिवसापासून साळू पुढच्या ओसरीवर बसू लागली. मागच्या खोलीत तोंड लपवलं ते खंडेरावांनी, असं म्हणतात. बरी जिरली मेल्याची!

आजही आंबेवणात कुणी बाप्या गेला, की तेरावा झाल्यावर गावचा फोटोवाला येऊन त्याच्या बायकोचा फोटो काढतो. त्याला ठकूचा फोटो म्हणतात आणि तो नवऱ्याच्या फोटोशेजारी लावतात. परवा आमच्या शेवंतीकडे शहरातले पाहुणे आले. भिंतीवर दोन फोटो पाहून दोघांनाही हार घालायला निघाले. शेवंती चुलीपुढून ओरडली, "अहो, एकच हार घाला! मी आहे अजून!"