न धुतलेली मुंडकी

एका राज्यात दोन सरदार होते, आणि हार मानायची अक्कल एकालाही नव्हती. नदीच्या उत्तरेला हिदेमासा, दक्षिणेला नोरिकागे. दोघे लढले. माणसं कापली गेली, निकाल लागला नाही, तरी दोघांनीही जिंकल्याचे नगारे बडवले. डोंगरावरचा मांत्रिक संतापला. म्हणाला, "दोघेही 'हरलो' म्हणेपर्यंत तुमचे मेलेले रोज पहाटे उठून लढतील."

तसंच झालं. पहाटे मुंडकी घरंगळत जाऊन आपापल्या धडाला चिकटत, दिवसभरात पुन्हा तुटत.

त्या मुलखाची रीत अशी, की शत्रूची मुंडकी छावणीतल्या बायांनी धुवायची, विंचरायची, तिथल्या थोरामोठ्यांचे असत तसे त्यांचे दात काळे रंगवायचे. मग सरदारानं ती बघायची, की झाला जय! उत्तरेला हे काम ओसेनकडे होतं. तिचा पोरगा यासुके मेलेल्यांतच होता. रोज उठायचा, रोज मरायचा.

एके दिवशी ओसेनच्या हातातलं मुंडकं बोललं, "मावशी, हळू विंचर. पलीकडे माझी आई तुझ्या यासुकेला इतकं ओढत नाही."

ओसेनचा हात थांबला. "काय म्हणतो तो?"

"म्हणतो, झोपू द्या."

ओसेननं फणी मोडली. बाजूचा कावळा म्हणाला, "तीन कामं कर. नदी ओलांड. पलीकडच्या फण्या मोड. मग मुंडकी सरदारांना दाखव, पण अशीच, न धुता."

नदीनं विचारलं, "कोणत्या बाजूची?"

"पोराच्या बाजूची."

नदी बाजूला झाली. पलीकडे त्या बोलक्या मुंडक्याची आई ओहारू यासुकेचं मुंडकं मांडीवर घेऊन बसली होती.

"माझ्या पोराला नटवतेस होय गं?"

"आणि तू माझ्याला काय करतेस?"

ओहारूनं फणी चुलीत घातली. मागोमाग दोन्ही तीरांवरच्या सगळ्या बायांनी घातल्या. रक्तामातीची मुंडकी त्यांनी माळावर एकत्र ओतली आणि सरदारांना बोलावलं.

"ओळखा आपापली," ओसेन गरजली.

"धुतल्याशिवाय कशी ओळखणार?" हिदेमासा म्हणाला.

"जिवंतपणी बघितली असतीस, तर ओळखली असतीस!"

नोरिकागेनं एक उचललं. "हा माझा."

"तो माझा यासुके. तुझ्याच माणसांनी कापलेला."

हिदेमासा हसला. त्यानंही एक उचललं.

"ठेव खाली," ओहारू म्हणाली. "तो माझा."

हिदेमासाचं हसू मावळलं. "आता एकही बाई मुंडकं धुणार नाही," ओसेन म्हणाली. "जय कशाचा दाखवाल?"

नोरिकागे पुटपुटला, "आधी त्यानं म्हणावं."

"एकदम म्हणा, मेल्यांनो!"

"हरलो," दोघे म्हणाले. मुंडक्यांनी डोळे मिटले.

पहाट झाली. कुणी उठलं नाही. शाप सुटला, राज्य ताळ्यावर आलं. ओसेननं यासुकेला मातीत निजवलं, आणि तेव्हा कुठे तिला म्हणता आलं, माझा पोरगा मेला.