झोपाळ्याची साखळी

पिटबुल कुत्री गावात नवी होती, त्या काळातली ही गोष्ट. दाजीसाहेबांनी बंगल्याच्या राखणीला ढाण्या नावाचं पिल्लू आणलं. मोठा झाला तरी ढाण्या दूधवाल्यालाही शेपूट हलवत सामोरा जायचा.

"असला लाडोबा काय कामाचा? बांधून घातला की आपोआप तिखट होईल," दाजीसाहेब म्हणाले. त्यांनी मोडक्या झोपाळ्याची साखळी त्याच्या गळ्यात अडकवली आणि त्याचं फिरणं बंद केलं.

"मावशी, आज तरी फिरायला नेतील का?" ढाण्या रोज विचारायचा.

"नेतील की," साखळी म्हणायची. तिच्यावर पोरांनी झोके घेतले होते. तिला माणसं चांगलीच वाटत.

दोन वर्षांनी ढाण्याने विचारणं सोडलं. गळा सोलवटला होता. एकदा पाहुण्यांसमोर दाजीसाहेबांनी ऐटीत त्याच्या मानेवर थाप मारली. ती जखमेवर बसली आणि ढाण्या चावला.

"जातच वाईट," दाजीसाहेब हात धरून म्हणाले. संध्याकाळी ढाण्याला गाडीत घालून कायमचं नेलं.

आठवड्याने नवं पिल्लू आलं. त्याने अंगणात पडलेली साखळी चाटली. "मावशी, इथे फिरायला कधी नेतात?"

 दाजीसाहेबांनी साखळी त्याच्या गळ्यात अडकवायला उचलली, तेव्हा या वेळी ती नुसती खळखळली.